स्मोक्ड पोर्क, चोरीस लॅबमधून तपासून घ्यायचंय? अर्ज कोण करू शकतं, कागद काय लागतात

धुरावर टांगून केलेलं गोव्याचं चोरीस (पोर्कचं मसालेदार सॉसेज) असो, ईशान्येकडून पार्सल येणारं स्मोक्ड पोर्क असो नाहीतर कुणाच्या होम-किचनमधलं स्मोक्ड चिकन, "यात कॅन्सरवालं काही नाही ना?" असं विचारणारे बरेच भेटतात. पण ते अधिकृतपणे तपासून घेता येतं, आणि त्यासाठी कायद्यात साध्या गिऱ्हाइकालाही हक्क दिलाय, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

आधी तपासायचं काय ते बघू. लाकूड अर्धवट जळतं, चरबी निखाऱ्यावर टपकते, आणि त्या धुरात पीएएच नावाच्या रसायनांचा गट तयार होऊन मांसावर बसतो. त्यातलं बेंझो-ए-पायरीन हे आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) ग्रुप 1 मध्ये आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का. युरोपात स्मोक्ड मांसाला याची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे आणि चार पीएएच मिळून (त्यालाच पीएएच-4 म्हणतात) 12 मायक्रोग्रॅम. सप्टेंबर 2014 च्या आधी हेच आकडे 5 आणि 30 होते.

आता हक्काचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006, कलम 40. कोणताही खरेदीदार फी भरून अन्न विश्लेषकाकडून (कायद्याने नेमलेला, लॅबमध्ये अन्न तपासणारा अधिकारी) पदार्थ तपासून घेऊ शकतो, अट एवढीच की तो स्वतः फूड बिझनेसवाला नसावा. आणि एक गोष्ट जी सगळे विसरतात, विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. घरी आणून चार दिवसांनी शंका आली म्हणून कलम 40 चालत नाही. तोंडी सांगितलं तरी चालावं, पण उद्या दुकानदार "मला कुठे सांगितलं" म्हणाला की पंचाईत, म्हणून बिलावरच एक ओळ लिहून त्याची सही घ्या, ऑनलाइन ऑर्डर असेल तर ऑर्डर करतानाच मेसेज टाका आणि स्क्रीनशॉट ठेवा. रिपोर्ट खराब आला तर भरलेली फी परत मिळायचा हक्क आहे आणि विश्लेषक तो रिपोर्ट पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागात या कायद्याची कारवाई बघणारा अधिकारी) पाठवतो, म्हणजे पुढच्या कारवाईसाठी तुम्हाला वेगळं पळावं लागू नये.

अर्जासोबत तारीख असलेलं बिल, लेबलचा स्पष्ट फोटो (बॅच नंबर आणि 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा लायसन्स नंबर, वाचता आला पाहिजे), दुकानदाराला सांगितल्याचा पुरावा, स्वतःचं ओळखपत्र आणि साधा अर्ज एवढं घेऊन जा. सुटा माल असेल आणि लेबलच नसेल तर तसं अर्जात लिहा, लपवू नका. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) ऑफिसात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे चौकशी करा, गोव्यात बांबोळीला एफडीएचं संचालनालय आहे. फी आणि नमुना किती लागेल ते आधी फोनवर विचारूनच निघा, महाराष्ट्र एफडीएचा टोल-फ्री नंबर 1800222365.

माझ्या मते खरी गोची पुढे आहे. अर्जात नुसतं "मांस तपासून द्या" लिहिलंत तर लॅब नेहमीचं पॅनल लावते, बॅक्टेरिया, जड धातू वगैरे, आणि पीएएच त्यात असेलच असं नाही, मग सगळं "ठीक" आलेला रिपोर्ट हातात घेऊन आपण खूश आणि जे बघायचं होतं ते बघितलंच नाही. म्हणून अर्जात नावानिशी लिहा: बेंझो-ए-पायरीन आणि पीएएच-4. मीठ-मसाला मुरवलेला माल असेल तर नायट्राइटही (मांस टिकवायला घालतात ते रसायन) लिहा, पण ती वेगळी टेस्ट आहे.

नमुना नेण्याचं पण एक आहे. प्लास्टिकच्या डब्यात कोंबून नेऊ नका, कारण प्लास्टिकमुळे पीएएचचं प्रमाण बदलू शकतं. गडद काचेची बरणी सगळ्यात बरी, ती नसेल तर आधी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये नीट गुंडाळा आणि मग पिशवीत, उजेडापासून लांब आणि थंड. वरची काळी साल काढून आतलं गुलाबी मांस देऊ नका, धूर बसलेला असतो तो सालीवरच, खाताना जसं खाता तसंच द्या.

कायद्यानुसार नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत विश्लेषकाने रिपोर्ट द्यायचा असतो. हातात आला की "पास" शब्दावर थांबू नका, एलओक्यू बघा, म्हणजे ती लॅब कमीत कमी किती मोजू शकते तो आकडा. एलओक्यू 10 असेल आणि पुढे "बीएलक्यू" (एलओक्यूपेक्षा कमी) लिहिलं असेल तर युरोपातल्या 2 च्या मर्यादेपुढे त्याला काही अर्थ नाही, माल 9 चा पण असू शकतो. युरोपातल्या सरकारी तपासणीत बेंझो-ए-पायरीनसाठी हा आकडा 0.9 किंवा त्याहून कमी लागतो. (मायक्रोग्रॅम पर किलो आणि पीपीबी, म्हणजे अब्जात किती भाग, एकच, गोंधळू नका.)

जे स्वतः विकतात त्यांना कलम 40 नाही, त्यांचा रस्ता वेगळा. लायसन्सच्या अटींमध्येच आहे की दर सहा महिन्यांतून निदान एकदा स्वतःच्या किंवा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य लॅबमधून टेस्टिंग करायचं. लॅबचा टेस्ट रिक्वेस्ट फॉर्म, लायसन्सची कॉपी, बॅचची माहिती आणि नमुना, एवढ्यावर काम होतं. फक्त लॅब "एनएबीएल" आहे म्हणून भुलू नका, तिच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत) मांसातलं पीएएच आहे का ते एनएबीएलच्या साइटवर बघा, बऱ्याचदा पाण्याचं असतं आणि मांसाचं नसतं.

सरकारी नमुना घेऊन तुमचा माल फेल ठरवला तर 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, मग त्यांना पटलं तर नमुना रेफरल लॅबला (अपिलातले नमुने पुन्हा तपासणारी लॅब) जातो. तसंच अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, त्यातला चौथा भाग तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं तुम्ही म्हणू शकता, पण ते मागावं लागतं, मागितलंच नाही तर कुणी आठवण करून देत बसत नाही.