दोन लुईस आणि रंगवलेलं लाकूड

लुईस नेव्हलसन आणि लुईस बूर्ज्वा. नाव एक, दोघी बाहेरून अमेरिकेत आलेल्या, दोघी न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेल्या, आणि लाकूड रंगवून दोघींनी शिल्पं केली. बूर्ज्वांचा महाकाय कोळी, 'मामाँ', बहुतेकांनी निदान फोटोत पाहिलेला असतो, तो सोडून देऊ. घोटाळा होतो तो लाकडापाशी.

मला सर्वांत खटकतं ते एक वाक्य: नेव्हलसनच्या काळ्या रंगवलेल्या लाकडी खोक्यांत मायदेशाचा विरह दाटला आहे. ही गोष्ट दुसऱ्या लुईसची आहे! नेव्हलसन आजच्या युक्रेनमधल्या पेरेयास्लाव्हच्या. १९०५ मध्ये, अगदी लहानपणी, मेन राज्यातल्या रॉकलंडला आल्या. तिथे वडिलांची लाकडाची वखार होती. बूर्ज्वा पॅरिसच्या, १९३८ मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. घरचे, मैत्रिणी, सगळे मागे राहिले, आणि मग युद्ध पेटलं. चाळीसच्या दशकात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी माणसाच्या उंचीचे सडपातळ लाकडी खांब घडवले, रंगवले. त्यांना 'पर्सोनाज' म्हणतात. मागे सुटलेल्यांच्या जागी उभी केलेली ही माणसं. विरह शोधायचा तर तो इथे शोधावा.

नेव्हलसनचं 'स्काय कथीड्रल' (१९५८) जवळजवळ साडेतीन मीटर उंच आहे, पण जाडी अर्ध्या मीटरहून कमी. खोक्यावर खोकं रचून केलेली भिंतच ती, आत रस्त्यावरून उचलून आणलेले खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे कातीव दांडे, नक्षीच्या पट्ट्या. सगळ्यावर एकच काळा रंग. तो चढला की खुर्चीचा पाय खुर्चीचा राहत नाही. उरतात फक्त आकार आणि सावल्या. काळा म्हणजे शोक, हा अर्थ तर मला मुळीच पटत नाही. काळ्यात सगळे रंग सामावतात असं त्या मानत, आणि पुढच्याच वर्षी 'डॉन्स वेडिंग फीस्ट' ही कलाकृती त्यांनी अख्खी पांढरी केली.

दोघींत मला नेव्हलसन जास्त आवडतात, पण त्यांच्या भिंतीसमोर आपण उभे राहतो, एवढंच. १९४९ मध्ये पेरिडॉट गॅलरीत बूर्ज्वांनी आपले खांब चौथऱ्याशिवाय थेट जमिनीवर उभे केले. बघणाऱ्याला त्यांच्यामधून वाट काढत जावं लागे, ओळखीच्या माणसांनी भरलेल्या खोलीतून जावं तसं.