ऐतिहासिक घरांचे खासगी जतन

ऐतिहासिक घरांचे खासगी जतन : बांधणीमुळे, वयामुळे किंवा एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या संबंधामुळे महत्त्व लाभलेले घर त्याच्या खासगी मालकाने स्वतः सांभाळणे आणि ते पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत जाईल अशी तजवीज करणे. सरकारने ताब्यात घेतलेल्या स्मारकात संध्याकाळी दरवाजे बंद झाले की कोणी राहत नाही. खासगी घरात मात्र जुन्या छपराखालीच स्वयंपाक होतो, मुले वाढतात, आजाऱ्यांची शुश्रूषा होते. राहणाऱ्यांच्या गरजा आणि वास्तूची मर्यादा यांचा मेळ रोज घालावा लागतो आणि या विषयातील बहुतेक प्रश्न तेथूनच निर्माण होतात.

जुन्या वास्तूशी कसे वागावे, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद झाला. फ्रेंच वास्तुशिल्पी व्ह्यॉले-ल-द्यूक याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा परिपूर्ण रूपात आणणे, की जे रूप कदाचित पूर्वी कधी अस्तित्वातही नसेल. या मताच्या प्रभावाखाली अनेक इमारतींवरील मधल्या शतकांच्या खुणा खरवडून काढल्या गेल्या. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन याने त्याला कडवा विरोध केला आणि १८७७ मध्ये कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. घराला पुन्हा नवे करण्याच्या फंदात न पडता नित्य देखभालीने त्याची झीज थोपवावी, कललेल्या भिंतीला टेकू द्यावा, गळके छप्पर वेळीच शाकारावे, असा तिच्या जाहीरनाम्याचा आशय होता. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने या विचाराला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण जुन्यापासून ओळखता यावा, ही त्या सनदेतील सूत्रे आजही प्रमाण मानली जातात. खासगी मालकाला मॉरिसचा उपदेश विशेष मोलाचा आहे, कारण त्याच्याजवळ एकरकमी पैसा क्वचितच असतो. रोजची नजर मात्र असते, आणि ती पगारी देखरेखीत सहसा मिळत नाही.

जुन्या घराचा मुख्य शत्रू पाणी. तुंबलेली पन्हळ, सरकलेले एखादे कौल, भिंतीच्या पायथ्याशी चढत गेलेली माती, एवढ्यानेही नुकसानीला सुरुवात होते. लाकडातील आर्द्रता सुमारे २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की बुरशीला वाव मिळतो. तुळईचे भिंतीत रुतलेले टोक आधी कुजते, कारण तेथे वारा लागत नाही आणि भिंतीतील ओल थेट लाकडात जाते. खोलीत उभे राहून पाहिले तर तुळई धडधाकट दिसते. भिंतीलगत टोच्या मारून पाहावा, तो विनासायास आत गेला तर टोक गेले असे समजावे. अशा वेळी संपूर्ण तुळई काढून टाकण्याची गरज नसते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने बसवता येतो. त्यामुळे वजन पेलले जाते आणि मूळ सुताराच्या हत्याराच्या खुणा उरलेल्या लांबीवर तशाच राहतात.

चुना आणि सिमेंट यांचा प्रश्नही याच अंगाने समजून घ्यावा लागतो. जुन्या दगडी वा विटांच्या भिंती ओल शोषतात आणि कोरड्या हवेत ती बाहेर सोडतात. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो. विझवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि भिंतीच्या बारीकसारीक हालचालीबरोबर थोडा हलतोही. सिमेंटचा गिलावा कठीण व बंदिस्त असतो. त्याला तडा गेला, की पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते आतील बाजूने डोके काढते, रंगाचे पोपडे सुटतात, क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो. दगडविटांमधील दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या असतील तर हेच पाणी दगडातून वा विटेतून सुकू पाहते आणि दरज शाबूत राहून वीटच झडत जाते. घर मजबूत करण्याच्या प्रामाणिक हेतूने केलेल्या या दुरुस्तीइतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही कामाने क्वचितच झाले असेल. म्हणूनच नवे मिश्रण जुन्या दगडविटांपेक्षा मऊ असावे, असा दंडक पाळला जातो: झिजायचे ते दरजेने, विटेने नव्हे.

वीज, नळ, स्वच्छतागृह, उष्णतारोधन या सोयी नाकारून घर टिकत नाही, कारण राहणे असह्य झाले की माणसे निघून जातात आणि बंद घर लवकर खचते. नवी सोय पुढे काढून टाकता येईल अशी असावी, तिच्यासाठी मूळ भाग कमीत कमी छेदावा, आणि केलेल्या बदलाची नोंद राहावी, हे तीन निकष बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. दुरुस्तीच्या काळातच आगीचा धोका वाढतो. इंग्लंडमधील अपार्क या सतराव्या शतकातील घराला ऑगस्ट १९८९ मध्ये आग लागली, ती छपरावरील शिशाचे पत्रे सांधण्याच्या कामातून; दुरुस्ती संपायला थोडेच दिवस उरले होते. बरेचसे सामान लोकांनी हातोहात बाहेर काढल्यामुळे वाचले.

कायद्याची भूमिका देशपरत्वे बदलते. फ्रान्समध्ये १९१३ च्या कायद्याने खासगी मालकीची वास्तूही संरक्षित यादीत घेता येते आणि तीत परवानगीवाचून बदल करता येत नाही. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यान्वये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव आले, तरी स्वतःच्या पैशाने घर बदलणाऱ्या वा पाडणाऱ्या मालकाला त्या नोंदीने अडवता येत नाही. खरे बंधन येते ते नगरांच्या स्थानिक नियमांतून, आणि त्यांची वाट चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये घालून दिली. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात संरक्षित वास्तूच्या मालकाशी जतनाचा करार करण्याची तरतूद आहे. यादीत नाव येणे हा सन्मान असला, तरी त्याबरोबर येणारी बंधने एका कुटुंबाच्या खिशावर पडतात आणि लाभ साऱ्या समाजाला होतो. कर-सवलत किंवा अनुदान देणे ही म्हणूनच मालकावर केलेली मेहेरबानी ठरत नाही. समाजाने आपला वाटा उचलण्याचा तो मार्ग आहे.

पैशाची अडचण सर्वांत तीव्र होते ती मालकाच्या मृत्यूनंतर. ब्रिटनमध्ये १८९४ पासून मालमत्तेवर मृत्युकर लागू झाला, पुढे त्याचे दर चढत गेले आणि दोन महायुद्धांत काही कुटुंबांवर थोड्या वर्षांत अनेकदा ही वेळ आली. विसाव्या शतकात तेथील शेकडो मोठी ग्रामीण घरे पाडली गेली. १९७३ मध्ये खासगी मालकांनी आपली संघटना उभारली आणि १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या घरांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा हा प्रश्न लोकांसमोर आला. तरीही १९७७ मध्ये मेंटमोर हे घर सामानासह वीस लाख पौंडांना घेण्याचा देकार सरकारने नाकारला आणि नुसत्या सामानाचा लिलाव साठ लाख पौंडांवर गेला. घर उभे राहिले, पण त्यातील खुर्च्या, चित्रे, भांडी जगभर विखुरली. घर आणि त्यातील वस्तू मिळूनच इतिहास सांगतात, हे त्या लिलावाने फार महागात शिकवले. महत्त्वाच्या वास्तूची निगा राखण्याच्या आणि ती लोकांना पाहू देण्याच्या अटीवर वारसाकरातून सूट देण्याची पद्धत तेथे आहे.

घर लोकांना दाखवून उत्पन्न मिळवण्याचा मार्ग मालकांनी फार आधी शोधला होता. मूळचा स्पॅनिश असलेला डॉक्टर झोआकिम कार्व्हालो याने १९०६ मध्ये फ्रान्समधील व्हिलांद्री हा किल्लेवजा वाडा विकत घेतला, तेथील बागा जुन्या धर्तीवर पुन्हा लावल्या आणि १९२४ मध्ये ऐतिहासिक घरांच्या मालकांची संघटना स्थापन केली. व्हिलांद्री आजही त्याच्या वंशजांकडे आहे. पाहुण्यांमुळे उत्पन्न होते, तशी झीजही होते. पावलांनी फरशी घासते, श्वासांनी खोलीतील दमटपणा वाढतो, उघड्या पडद्यांतून आलेल्या उन्हाने कापडाचा रंग उडतो. किती खोल्या उघडाव्यात आणि वर्षातून किती दिवस, हे ठरवताना तिकिटाच्या रकमेबरोबर ही झीजही हिशेबात धरावी लागते.

वारसा समान वाटून घेण्याचा कायदा जेथे आहे, तेथे दोन-तीन पिढ्यांत एका घराचे अनेक हिस्सेदार होतात. त्यांतील काही दूर राहतात, काहींना रोख हवी असते, आणि छपराची दुरुस्ती सर्वांच्या सहीसाठी अडून राहते. पाऊस मात्र त्यासाठी थांबत नाही. या कोंडीवर उपाय म्हणून घर न्यासाच्या किंवा कौटुंबिक कंपनीच्या नावे करून हिस्से समभागांच्या (शेअर) रूपात वाटले जातात, म्हणजे भिंती वाटाव्या लागत नाहीत. अमेरिकेत मालक घर स्वतःकडे ठेवून, दर्शनी भाग वा आतील रचना न बदलण्याचे कायमचे बंधन करारपत्राने एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करू शकतो. हे बंधन पुढील प्रत्येक खरेदीदारावर लागू राहते आणि ते लिहून देणाऱ्यास करात वजावट मिळू शकते. वारसावास्तू सांभाळणाऱ्या इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला १९३७ च्या कायद्याने अशी घरे देणगीबरोबर स्वीकारण्याची आणि देणाऱ्या कुटुंबाला तेथेच राहू देण्याची मुभा मिळाली. लॉर्ड लोथियन याने या योजनेचा पाठपुरावा केला होता आणि १९४० मध्ये त्याच्या मृत्युपत्राने ब्लिकलिंग हे घर ट्रस्टकडे गेले. नेदरलँड्समधील हेंड्रिक दे केसर ही १९१८ मध्ये स्थापन झालेली संस्था जुनी घरे घेऊन दुरुस्त करते व बहुधा भाड्याने देते, त्यामुळे ती राहती राहतात. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे माउंट व्हर्नन हे घर त्याच्या कुळातील मालकाला झेपेना, संघराज्य व व्हर्जिनिया राज्य या दोघांनीही ते घेतले नाही, तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम हिने उभारलेल्या स्त्रियांच्या संस्थेने १८५८ मध्ये दोन लाख डॉलरांना ते घेण्याचा करार केला. संस्था आजही ते चालवते.

कागदोपत्री हस्तांतर झाले, तरी घराची माहिती बहुधा एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते. अनुभवी मालक म्हणूनच घराचे स्वतंत्र दप्तर ठेवतात. त्यात नकाशे, जुनी छायाचित्रे, कामाआधीची व नंतरची चित्रे, चुन्यात वाळू कोणत्या ठिकाणची व किती प्रमाणात घातली याची नोंद, रंगाच्या थरांचे नमुने, आणि जुने काम जाणणाऱ्या गवंड्या-सुतारांची नावे असतात. पहिल्या पावसात कोणत्या कोपऱ्यात भांडे ठेवावे लागले, कोणती खिडकी उन्हाळ्यात अडकते आणि हिवाळ्यात सुटते, पोटमाळ्यावरची कोणती फळी उचलली की विजेच्या तारा दिसतात, हेही त्यात तारखेसह लिहिलेले असते.