ऑपरेशनमधलं बीपी: आधी नळी आली, पट्टा नंतर

मोठं ऑपरेशन असलं की भूलतज्ज्ञ सांगतात, मनगटाच्या धमनीत आर्ट लाईन, म्हणजे बारीक नळी, टाकावी लागेल, बीपी सतत बघायचंय. नातेवाईकांचा लगेच प्रश्न, अहो दंडाला पट्टा बांधता ना, मग ही सुई कशाला? प्रश्न रास्त आहे. फक्त आपल्याला वाटतं की पट्टा जुना आणि नळी म्हणजे काहीतरी नवीन हायटेक प्रकरण, तर इतिहास नेमका उलटा आहे.

स्टीफन हेल्स नावाचे इंग्लंडमधले एक पाद्री होते, त्यांनी एका घोडीला आडवं पाडून बांधलं, मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला उंच काचेची नळी जोडली, तर रक्त चढत चढत हृदयाच्या पातळीपासून सव्वाआठ फुटांवर गेलं. हे 1733 साली छापून आलं. आजच्या भाषेत ते पाऱ्याचे साधारण 190 मिलिमीटर होतात, आणि त्या बिचाऱ्या घोडीची अवस्था बघता आकडा चढलेला असणारच! पुढे 1828 मध्ये फ्रान्सच्या पॉझ्वीयने पारा वापरला, पारा रक्तापेक्षा कितीतरी जड त्यामुळे फुटांचं काम सेंटिमीटरांत आलं, आणि आपण अजूनही तोच एमएम ऑफ मर्क्युरी बोलतो.

माणसाचं बीपी थेट धमनीतून पहिल्यांदा मोजलं गेलं तेही ऑपरेशनमध्येच. 1856 साली फ्रान्समधल्या लियोंला फेव्र यांनी पाय कापायच्या ऑपरेशनच्या वेळी उघड्या पडलेल्या धमनीला मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, जोडला, आकडा आला 120 च्या आसपास. पण प्रत्येकाची धमनी काही उघडता येत नाही, म्हणून बाहेरून मोजायची धडपड सुरू झाली. 1896 मध्ये इटलीत रिव्हा-रोच्चीने दंडाभोवती गुंडाळायचा फुगणारा पट्टा केला, त्यात सायकलची ट्यूब होती. पट्टा फारच अरुंद होता त्यामुळे आकडा जास्त यायचा, मग 1901 मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेनने तो रुंद केला. जाड दंडाला छोटा पट्टा लावून उगाच हाय बीपी दाखवायची चूक आजही होतेच म्हणा.

ऑपरेशन थिएटरात पट्टा नेण्याचं श्रेय मुख्यतः अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंगचं. तरुणपणी बॉस्टनला त्याने आणि त्याचा सहकारी कॉडमनने इथरने भूल देताना पेशंटच्या नोंदींचे चार्ट ठेवायला सुरुवात केली होती, 1901 मध्ये कुशिंग इटलीतल्या पावियाला गेला, तिथे रिव्हा-रोच्चीचं उपकरण बघितलं आणि बाल्टिमोरला येऊन त्याच चार्टवर बीपीही लिहायला लागला. सगळ्यांना ते पटलं असं नाही, नाडीवर सरावाचं बोट असताना हे यंत्र कशाला, असं म्हणणारे मोठे मोठे सर्जन होते. 1905 ला रशियात कोरोत्कॉफने स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत सांगितली, तेव्हा खालचं बीपीही नीट कळायला लागलं.

नळी परत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, प्लास्टिकची बारीक कॅथेटर आणि नळीतला दाब विजेच्या संकेतात बदलणारे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सड्यूसर मिळायला लागल्यावर. हार्ट सर्जरी वाढली तशी गरजही वाढली, कारण तिथे बीपी काही सेकंदांत कोसळू शकतं. आणि 1976 च्या सुमाराला डायनामॅप नावाचं आपोआप फुगणारं मशीन आलं, मग भूलतज्ज्ञाचे हात मोकळे झाले. 1986 मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने किमान दर 5 मिनिटांनी बीपी बघायचं असा नियम केला, तो या मशीनमुळे सहज पाळता यायला लागला.

आता खरी गोम इथे आहे. हे मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली हवा सोडताना नाडीचे हेलकावे मोजतं, ते सगळ्यात मोठे जिथे होतात ते सरासरी बीपी, आणि वरचा-खालचा आकडा कंपनी स्वतःच्या फॉर्म्युल्याने काढते, तो फॉर्म्युला सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे बीपी खूप पडलेलं असताना पट्टा बरेचदा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो आणि खूप चढलेलं असताना कमी, म्हणजे जिथे अचूक हवा नेमका तिथेच घोळ. नाडी अनियमित असली की आणखी पंचाईत, मशीन नुसतं फुगत बसतं.

आर्ट लाईन म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही हं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की स्क्रीनवरची बीपीची लाट चपटी होते आणि वरचं बीपी कमी दिसतं. टेबल 10 सेंटिमीटर वर घेतलं आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच खाली राहिला तर पेशंटला काहीही न होता आकडा साधारण साडेसात मिलिमीटरने वाढतो. शिवाय मनगटातलं वरचं बीपी महाधमनीतल्यापेक्षा मुळातच थोडं जास्त असतं. म्हणून पट्टा आणि नळी दोन्हींचे वरचे आकडे जुळत नाहीत यावर वाद घालण्यापेक्षा सरासरी बघावी, ती त्यातल्या त्यात जुळते, आणि किडनीपर्यंत रक्त पोचतंय का याचा अंदाजही तिच्यावरूनच बांधतात.

मधला रस्ताही निघालाय, 1973 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या यान पेन्याझने बोटाला छोटा पट्टा लावून सतत बीपी दाखवायची युक्ती काढली, त्यावर आधारलेली मशीन आज मिळतात. पण शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो तेव्हा, बोटं गार पडली की तीही गडबडतात. म्हणून साध्या हर्नियाला दंडाचा पट्टा पुरतो, आणि बायपासला मनगटात नळी असते, वर दुसऱ्या हाताला पट्टाही बांधून ठेवतात.