लाल दिसला की ट्युबिफेक्स? आधी शेपूट बघा

बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) गाळातून किंवा धानाच्या बांधीतून बारीक लाल कृमी निघाला की आमच्याकडे गावात तो केचव्याचं (गांडुळाचं) पिल्लू आणि प्रॅक्टिकलच्या वहीत ट्युबिफेक्स. ट्युबिफेक्स तुम्ही पाहिलेलाच असतो: नालीच्या तळाशी लाल झुबका, माशांच्या टाकीत खाद्य. मला बोडीत बहुतेकदा सापडतो तो ब्रँकियुरा सॉवरबी.

रंगावर जाऊ नका, हिमोग्लोबिन दोघांतही आहे. डोकं गाळात, शेपूट पाण्यात, हेही दोघांचं सारखंच. ब्रँकियुरा १० सेंटीमीटरच्या पुढे जातो खरा, पण त्याचं पिल्लू ट्युबिफेक्सएवढंच. (तपकिरी डोकं आणि पायांसारखे खुंट असलेला ‘लाल किडा’ ही माशीची अळी. ती यात धरूच नका.)

फरक आहे तो कल्ल्यांचा. ब्रँकियुराच्या मागच्या भागात प्रत्येक खंडाला पाठीवर एक आणि पोटाकडे एक असा मऊ धागा असतो. खालीवर एकेक ओळ, म्हणून शेपूट झालर लावल्यासारखं दिसतं. कल्ले दिसले की पोरं त्याच टोकाला डोकं समजतात. डोकं दुसरीकडे, गाळात.

ही झालर चिमट्यानं उचललेल्या कृमीत दिसत नाही, अंगाला चिकटून बसते. पांढऱ्या ताटलीत बोडीचंच पाणी आणि गाळाचा पातळ थर घ्या, १० मिनिटं हात लावू नका. शेपूट वर येऊन हलायला लागलं की भिंग धरा. ओढाल तर शेपूट तुटेल, आणि उरलेल्या बोडक्या कृमीला पाठीवर पुढे ट्युबिफेक्ससारखेच केस असतात. घोळ होतो तो इथे. झालर दिसली तर ब्रँकियुरा नक्की. दिसली नाही म्हणून ट्युबिफेक्स नक्की नव्हे. केसच नसतील तर बहुधा लिम्नोड्रिलस, तो तिसराच.

नुसतं ‘ब्रँकियुरा’ शोधाल तर माशांवरच्या उवा समोर येतील, त्या गटाचंही नाव तेच. पूर्ण नाव टाका. प्राणिशास्त्रज्ञ बेडर्डनं १८९२ मध्ये ते दिलं, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या महाकमळाच्या हौदातल्या कृमीला.

परवा एकानं स्पिरिटच्या बाटलीत वीस कृमी आणले, लेबल ट्युबिफेक्स. तळाचा गाळसाळ ताटलीत ओतला तर त्यात सोळा सुटी शेपटं निघाली, आखडलेल्या झालरीसकट.