डूलॉखच्या वाटेवर नेमके किती जण मेले?

आयर्लंडच्या मेयो परगण्यात, तिथल्या महादुष्काळाच्या काळात, मार्च १८४९च्या अखेरीस, लुईसबर्ग गावी मदतीच्या आशेने जमलेल्या उपाशी लोकांना तपासणीसाठी सुमारे १९ किलोमीटरवरच्या डेल्फी लॉज या शिकारगृहावर येण्यास सांगण्यात आले. डूलॉख सरोवराच्या काठाने थंडीत झालेल्या त्या पायपिटीत चारशे माणसे दगावली, असे आजही सांगितले जाते; मात्र समकालीन पुराव्यात हा आकडा सापडत नाही. त्याच एप्रिलमध्ये ‘मेयो कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्रात छापून आलेल्या एका करदात्याच्या पत्रात रस्त्याकडेला सात मृतदेह, त्यांत स्त्रिया आणि मुलेही, आढळल्याचे आणि आणखी नऊ जण घरी पोहोचलेच नसल्याचे म्हटले आहे.

ही संख्या अंतिम मानता येणार नाही, कारण वाटेवर खंगून नंतर घरी मेलेल्यांची मोजदाद कोणी केली असेल, असे वाटत नाही. तरीही ‘चारशे’ला खोटेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते: १८४१ ते १८५१ या दशकात मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे मेयोची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८९ हजारांवरून २ लाख ७४ हजारांवर आली होती, आणि एवढा मोठा घाव लोकस्मृतीने बहुधा त्या एका वाटेवर आणून ठेवला.