उभ्या शिळांचे मूळ गाव

पांडवलेणीचा दगड कुठून आणला, असे नाशिकमध्ये कोणी विचारत नाही. तिथे डोंगरच कोरला आहे. प्रश्न पडतो तो दगड वाहून नेऊन उभा केलेला असला की.

या शोधाची पद्धतशीर सुरुवात हर्बर्ट थॉमस या भूवैज्ञानिकाने केली. स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्रागैतिहासिक शिळावर्तुळातल्या निळसर शिळांचे त्याने पातळ छेद तपासले. छेद ०.०३ मिमीपर्यंत घासला की प्रकाश आरपार जातो आणि खनिजे ओळखता येतात. ठिपकेदार डोलेराइट या काळसर अग्निज खडकावरून १९२३ मध्ये त्याने वेल्समधल्या प्रेसेली टेकड्या दाखवल्या. टेकड्या बरोबर निघाल्या, कातळ चुकला. तसेच ठिपके शेजारच्या कातळांतही आहेत. पुढे रासायनिक तुलनेतून त्याच टेकड्यांतल्या कार्न गोएडोग या कातळाचे नाव आले.

स्टोनहेंजमधलीच आल्टर स्टोन ही सहा टनांची वालुकाश्माची शिळाही वेल्सचीच, हे त्याचे मत शंभर वर्षे टिकले. शंका आली ती तिच्यातल्या जास्तीच्या बेरियममुळे. वालुकाश्माचा कण न् कण जुन्या डोंगरांची झीज असते, म्हणून कणांची वये हीच त्याची खूण. २०२४ मध्ये झिरकॉन, ॲपेटाइट आणि रुटाइल या खनिजांच्या कणांची वये युरेनियम-शिसे पद्धतीने (युरेनियमचे किती शिसे झाले यावरून) काढली, आणि ती जुळली ईशान्य स्कॉटलंडशी. अंतर किमान ७५० किमी!

आपल्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसॉल्टला, ही युक्ती लागू पडत नाही. बेसॉल्ट थेट लाव्हाचा. त्यात झिरकॉन क्वचितच सापडतो. शिवाय बहुतेक थर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, भूशास्त्राच्या हिशेबात झटपट साचलेले. वयावरून एक डोंगर दुसऱ्यापासून वेगळा काढणे अवघड. इथे कामी येतात टायटॅनियम, झिर्कोनियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांची प्रमाणे. इगतपुरी, जव्हार ही थरांना दिलेली नावे अशाच रासायनिक फरकांवरून पक्की झाली. काही थरांत फेल्डस्पार या खनिजाचे सेंटिमीटरभर लांब स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तिथे काम सोपे. पण एकच थर कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. रसायन थर सांगेल, खाण सांगेलच असे नाही.

हाती धरायच्या क्ष-किरण यंत्राने दगड न फोडता मोजता येते, मात्र ते वरचा पापुद्राच वाचते. उन्हापावसाने कॅल्शियम धुऊन जाते, लोह मागे राहते. दगडफूल आणि दगडाच्या पोकळ्यांत साचलेली झिओलाइट खनिजे आकडे बिघडवतात. म्हणून स्वच्छ जागा निवडून एकाच दगडावर अनेक वाचने घ्यावीत, आणि तुलनेचे नमुने एकाच नव्हे, अनेक खाणींतून आणावेत. गोटा गुळगुळीत असेल तर आधी नदीचे पात्र पाहावे: तो माणसाने खाणीतून नव्हे, पाण्याने आणून ठेवलेल्या जागेवरून उचललेला असू शकतो.