फटाका फेकला एकाने, डोळा गेला चौथ्याचा

ऑक्टोबर 1770. इंग्लंडमधल्या मिलबोर्न पोर्ट गावचा गजबजलेला बाजार. कुणीतरी त्यात पेटता फटाका भिरकावला. तो एका विक्रेत्याच्या मांडणीवर पडला. तिथे उभ्या असलेल्या एकाने स्वतःला आणि त्या मालाला वाचवण्यासाठी तो उचलून लांब फेकला. तो ज्याच्या मालावर पडला त्यानेही तेच केलं. शेवटी फटाका एका मुलाच्या तोंडावर आदळून फुटला आणि त्याचा डोळा गेला.

दोष कुणाचा? 1773 मध्ये न्यायालयाने पहिल्या फेकणाऱ्याला जबाबदार धरलं. मधल्या दोघांनी जे केलं ते जीव वाचवण्याच्या धडपडीत, त्यांच्या हातून कारणांची साखळी तुटली नाही, असा त्यामागचा विचार. दिग्गज न्यायमूर्ती ब्लॅकस्टोन मात्र असहमत होते: इजा थेट झालेली नाही, म्हणून दावा या स्वरूपात चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या दोघांनी फटाका पायाखाली चिरडून का विझवला नाही, असं वाटू शकतं. पण फटाक्याच्या दारूतल्या सोऱ्यात (पोटॅशियम नायट्रेटमध्ये) प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे हवा तोडून ती विझत नाही. तीच दारू उघड्यावर पसरून पेटवली तर नुसती भस्सकन जळते. घट्ट कागदात कोंडली की वायूंना वाट मिळत नाही, दाब वाढतो, दाबाबरोबर जळण्याचा वेग वाढतो आणि वेष्टन फाटतं. म्हणजे धमाक्यात जितका हात दारूचा, तितकाच वेष्टनाचा. हातातही हेच घडतं. उघड्या तळव्यावर फुटलं तर बराचसा दाब वर निघून जातो. मूठ वळलेली असेल तर ती मूठच वेष्टन होते. मग अंगठा आणि त्यालगतची घडी फाटते, कधी बोटंच जातात.

डोळ्याचं प्रकरण फसवं. द्रवाने भरलेल्या या गोळ्यावर तुकडा आदळला की आत रक्तस्राव होतो, भिंग सरकतं, दृष्टिपटल फाटू शकतं, आणि बाहेरून डोळा नुसता लाल दिसतो. अशा वेळी चोळायचं नाही, दाबायचं नाही, धुवायचंही नाही (हे ऐकून बरेच जण चकित होतात). डोळ्याला न टेकणारं कडक झाकण वर धरून थेट नेत्रतज्ज्ञ गाठायचा. त्वचा भाजली असेल तर मात्र वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही.

दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हीच साखळी उलट्या बाजूने तपासली गेली. चालू गाडीत चढणाऱ्या प्रवाशाला रेल्वे कर्मचाऱ्यांनी आधार दिला, त्याच्याकडचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रुळांवर पडलं, त्यातले फटाके उडाले आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वजनकाटा कोसळून एक बाई जखमी झाली. 1928 मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी बहुमताचा निकाल लिहिला: त्या पुडक्यापासून तिला धोका आहे याची कल्पना कर्मचाऱ्यांना येणं शक्य नव्हतं, म्हणून रेल्वे जबाबदार नाही. तीन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

मला जास्त पटतो तो 1991 चा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सार्वजनिक आतषबाजीत एक गोळा आडवा सुटून प्रेक्षकांजवळ फुटला होता. गोळा सोडायची नळी आधी कलंडली होती की गोळा आतच फुटला, यावर वाद होता, पण पुरावा स्फोटातच उडाला होता. न्यायालय म्हणालं, इतक्या धोक्याचं काम करणाऱ्या आतषबाजी कंपनीची चूक जखमींनी सिद्ध करण्याची गरज नाही.

घरच्या फटाक्याने जखमी झालेल्याला ही सवलत सहसा मिळत नाही. वात ठरल्यापेक्षा लवकर जळली असेल तर बोट उत्पादकाकडे जातं. विझलेल्या वातीवर वाकून पुन्हा काडी लावली असेल तर जखमीच्या स्वतःच्या चुकीचा हिशेब होतो आणि भरपाई कमी होऊ शकते. अशा वेळी खोक्यावरचा बॅच क्रमांक, छापलेल्या सूचना आणि फाटलेलं वेष्टन एवढेच साक्षीदार उरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना पहिल्यांदा तेच कचऱ्यात जातात.